विलंबाला लेखाशीर्ष नसते

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडला जाण्याचा योग आला. हा प्रवास खासगी होता, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. कारण सरकारी अधिकारी परदेशी गेला की त्यामागे एखादी परिषद किंवा अभ्यासदौरा असणार, असे स्नेहीमंडळी गृहीतच धरतात. कन्या एडिंबरोला पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तिला भेटण्यासाठी रीतसर रजा, रीतसर पूर्वपरवानगी आणि संपूर्ण स्वखर्च अशा तीन पायऱ्या चढून आम्ही उभयता तेथे पोहोचलो. किल्ला झाला, राजवाडा झाला, पाऊसही भरपूर झाला. शेवटचा दिवस कन्येने लीथ बंदरातील 'ब्रिटानिया' या नौकेसाठी राखून ठेवला होता. "बाबा, तुम्हाला आवडेल. जुनी सरकारी मालमत्ता आहे," असे ती म्हणाली. तिच्या बोलण्यात थट्टा होती. पण त्या दिवसाने मला जो विचार करायला लावला तो थट्टेचा नव्हता.

ब्रिटानिया ही ब्रिटिश राजघराण्याची नौका. क्लाइडबँक येथील जॉन ब्राउन यांच्या गोदीत ती बांधली गेली. १६ एप्रिल १९५३ रोजी तिचे जलावतरण झाले आणि जानेवारी १९५४ मध्ये ती सेवेत दाखल झाली. लांबी ४१२ फूट, बांधणीचा खर्च त्या काळचे सुमारे २१ लाख पौंड, यंत्रे वाफेच्या टर्बाइनची. धनाढ्यांच्या ज्या पांढऱ्याशुभ्र मोटर यॉटची छायाचित्रे आपण वृत्तपत्रांत पाहतो, त्या जातीची ही नव्हे. ही नौदलाने चालवलेली आणि करदात्यांच्या पैशावर पोसलेली राजनौका होती. सुमारे चव्वेचाळीस वर्षांत तिने दहा लाखांहून अधिक सागरी मैलांचा प्रवास केला आणि ११ डिसेंबर १९९७ रोजी ती निवृत्त झाली. आज ती धक्क्याला कायमची बांधलेली आहे आणि तिकीट काढून कोणालाही पाहता येते.

ट्राम थेट धक्क्याजवळ जाते. एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरून आत शिरायचे, कानाशी धरायचे निवेदनयंत्र घ्यायचे आणि नौकेच्या वरच्या भागापासून एकेक मजला खाली उतरत यायचे, असा क्रम आहे. प्रथम लागतो तो ब्रिज, म्हणजे जेथून कप्तान नौकेचे संचालन करतो ती जागा. मात्र सुकाणूचे चाक येथे नाही. ते खालच्या मजल्यावरील बंद खोलीत आहे. चाक धरणाऱ्याला समुद्र दिसत नसे. वरून नळीवाटे येणाऱ्या आज्ञेबरहुकूम तो ते फिरवी. सचिवालयात काही वर्षे काढलेल्या माणसाला ही रचना अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ते चाकही पंचम जॉर्ज यांच्या शर्यतीच्या नौकेवरून काढून येथे बसवलेले आहे. त्या नौकेचे नावही ब्रिटानियाच होते.

ब्रिजसमोरच्या सज्जाला महोगनी लाकडाचा एक आडोसा आहे. वाऱ्याने राणीचा झगा उडू नये म्हणून तो केलेला. राज्यकारभारातील किती तरी खर्च अशाच एखाद्या झुळुकीच्या भीतीने मंजूर झालेले असतात, असे मनात आले. त्यानंतर डेक. पायाखाली सागवानी फळ्या, सरळ, घट्ट, त्यांच्या सांध्यांतील काळ्या रेषा आखणीपट्टीने ओढल्यासारख्या. नौका सेवेत असताना नाविक हा डेक रोज घासून काढीत. मी नकळत खाली वाकून एका फळीवर हात ठेवला. ती कोरडी होती, शाबूत होती. त्या स्पर्शाने मला वीस वर्षांपूर्वीची एक दुसरी सागवानी नौका आठवली. तिच्याविषयी पुढे सांगायचेच आहे.

व्हरांडा डेकजवळ सागवानी तक्तपोशी केलेली एक उन्हाची बैठक आहे. येथे राणी न्याहारी आणि चहा घेई. तिची शय्या मात्र आमच्या अपेक्षेला धक्का देणारी निघाली. काचेपलीकडे दिसते ती जेमतेम तीन फूट रुंदीची एकेरी खाट. शेजारच्या दालनात तिच्या पतीची तशीच खाट, आणि मध्ये दार. सबंध नौकेवर दुहेरी पलंग एकच. तोही १९८१ साली युवराज चार्ल्स आणि डायना यांच्या मधुचंद्रासाठी आणलेला. राजपतींच्या बैठकीच्या खोलीत 'मॅगपाय' या युद्धनौकेची प्रतिकृती ठेवली आहे. तरुणपणी नौदलात असताना ते तिचे कप्तान होते.

मुख्य दिवाणखान्यात फुलाफुलांच्या कापडाचे सोफे, साधा गालिचा, एक पियानो. आमच्या सौभाग्यवतींनी सर्वत्र नजर फिरवून शेरा दिला, "आपल्या सर्किट हाउसातला सोफा याहून मोठा असतो." त्यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. सजावटीचा पहिला आराखडा फार भपकेबाज वाटल्याने तो बाजूला ठेवला गेला आणि ह्यू कॅसन या वास्तुरचनाकाराकडून साधा आराखडा करून घेतला गेला. आधीच्या राजनौकेवरील काही सामानही येथे वापरात आणले होते. दिवाणखान्यात लाकडे जाळायची शेकोटी हवी होती. पण उघडी शेकोटी ठेवली तर नौदलाच्या नियमानुसार पाण्याची बादली घेऊन एक नाविक तेथे सदैव उभा करावा लागला असता, म्हणून विजेची शेकोटी बसवली, असे सांगतात. नियमापुढे राणीला नमते घ्यावे लागले, ही कथा आम्हा नियमपुस्तकवाल्यांना फार सुखावणारी आहे.

तथापि एवढ्यावरून ही नौका साधी होती असे कोणी समजू नये. तिची चैन सोफ्यांत नव्हती. ती मनुष्यबळात होती, आणि ते खालच्या मजल्यांवर उतरल्यावर कळते. एका कुटुंबाच्या सोयीसाठी दोनशेवीसच्या आसपास नाविक आणि वीसेक अधिकारी. राजदालनांच्या आसपासची कामे सकाळी आठच्या आत उरकायची. आवाज होऊ नये म्हणून पायांत मऊ तळव्याचे बूट, तोंडी आज्ञेऐवजी हाताच्या खुणा. सामान्य नाविकांना १९७३ पर्यंत टांगलेल्या झोळ्यांत झोपावे लागे. धुलाईघर वाफेने कोंदलेले असणार, हे रिकामे असतानाही जाणवते. शेवटी यंत्रघर येते. तेथील पितळ, पोलाद आणि रंगवलेले नळ इतके लखलखीत, की हे खरे यंत्रघर नसून दाखवण्यापुरते असावे असा संशय यावा. वरच्या मजल्यावरील शांततेची किंमत खालच्या मजल्यावर कोणी मोजली, हे विसरून ही नौका पाहता येत नाही.

आणि घड्याळे. नौकेवरील सगळी घड्याळे तीन वाजून एक मिनिटावर थांबवलेली आहेत. निवृत्तीच्या दिवशी राणी नौकेवरून अखेरची उतरली ती वेळ. त्या समारंभात तिला अश्रू आवरले नाहीत, याची छायाचित्रे जगाने पाहिली. बहुतेक प्रवासी त्या घड्याळांपाशी हळवे होतात. मला मात्र तेथे वेगळाच प्रश्न पडला. ज्या मालमत्तेचा शेवट मिनिटासह नोंदवला जातो, तिच्या शेवटाचा निर्णय कोणी, कधी आणि कसा घेतला असेल?

तो इतिहास बोधप्रद आहे. नौका चालवण्याचा वार्षिक खर्च मोठा होता; आणखी काही वर्षे चालवायची तर सुमारे १ कोटी ७० लाख पौंडांची दुरुस्ती करावी लागणार होती. जून १९९४ मध्ये सरकारने जाहीर केले की १९९७ मध्ये नौका निवृत्त होईल. म्हणजे तीन वर्षे आधी तारीख ठरली. जानेवारी १९९७ मध्ये तत्कालीन सरकारने ६ कोटी पौंडांची नवी राजनौका बांधण्याची घोषणा केली. मे महिन्यात सरकार बदलले आणि ऑक्टोबरमध्ये नव्या सरकारने ती योजना रद्द केली. राजकारण झाले, वादविवाद झाले, परंतु निवृत्तीची तारीख हलली नाही. मग नौका आपल्याकडे यावी म्हणून अनेक शहरांनी प्रस्ताव दिले. एप्रिल १९९८ मध्ये एडिंबरोची निवड झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नौका लोकांसाठी खुली झाली. निवृत्तीपासून दहा महिन्यांत! ती आता एका धर्मादाय न्यासाच्या मालकीची आहे. वर्षाला तीन लाखांहून अधिक लोक तिकीट काढून येतात आणि त्या उत्पन्नावरच तिची निगा राखली जाते.

ब्रिटिशांचे सगळेच दूरदृष्टीचे असते, असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. युद्धकाळात ही नौका रुग्णालय म्हणून वापरता येईल, हे तिच्या बांधणीमागचे एक मोठे समर्थन होते. प्रत्यक्षात १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती पाठवली गेली नाही. तिला लागणारे जड इंधन ताफ्यातील इतर नौकांच्या इंधनापेक्षा वेगळे आहे, असे कारण देण्यात आले. समर्थनाचा कागद आणि वस्तूचा उपयोग यांची फारकत केवळ आपल्याकडेच होते असे नाही. तरी न्यायाची गोष्ट अशी, की १९८६ साली एडनमध्ये यादवी उसळली तेव्हा याच नौकेने हजारांहून अधिक लोकांना सुखरूप बाहेर काढले. पुढे २०२१ मध्ये नव्या राष्ट्रीय नौकेची घोषणा झाली आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तीही रद्द झाली. नवी वस्तू घ्यावी की नाही याबाबत ते आपल्याइतकेच डळमळतात. जुनीचे काय करायचे, हे मात्र त्यांनी वेळेवर ठरवले.

आता आपल्याकडे वळतो. ज्या वर्षी ब्रिटानिया निवृत्त झाली, त्याच १९९७ सालच्या ३१ जानेवारीला आपली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका निवृत्त झाली होती. १९६१ मध्ये नौदलात आलेली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजवलेली ही नौका. ब्रिटानियाने राजघराण्याला फिरवले. विक्रांतने युद्ध लढले. दोघींत जतन करण्याचा अधिक हक्क कोणाचा, हे सांगायला नको. मुंबईत तिचे तरंगते संग्रहालय झाले, २००१ मध्ये लोकांना ते पाहता येऊ लागले. परंतु कायमची जागा, कायमचा निधी आणि कायमचा मालक या तीन प्रश्नांची उत्तरे अखेरपर्यंत ठरली नाहीत. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव ती बंद झाली, २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना लिलावात गेली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये मुंबईतच तिची तोड सुरू झाली. तिच्या पोलादाचा अंश वापरून २०१६ मध्ये बजाजची एक मोटारसायकल बाजारात आली. स्मारक म्हणावे तर एवढेच. पुढे 'विराट' २०१७ मध्ये निवृत्त झाली आणि २०२० मध्ये तोडणीसाठी अलंगच्या किनाऱ्याला लागली.

आपल्याला हे जमतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर 'कुरसुरा' ही पाणबुडी उभी आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये ती निवृत्त झाली आणि ऑगस्ट २००२ मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. नौदल आणि स्थानिक नगरविकास प्राधिकरण यांच्यात कोणी काय करायचे हे स्पष्ट ठरले होते. आजही तेथे शाळांच्या सहलींची रांग लागते. ब्रिटानियाला दहा महिने लागले, कुरसुराला अठरा महिने, आणि विक्रांतचा अनिश्चिततेचा काळ जवळजवळ अठरा वर्षांचा. आकाराचा फरक जमेस धरूनही, हा फरक केवळ पैशाचा नाही. पहिल्या दोन बाबतींत कोणी तरी वेळेवर सही केली.

सहीचा विषय निघाला, तर आता त्या दुसऱ्या सागवानी नौकेविषयी सांगितले पाहिजे. २००३ साली पूर्व किनाऱ्यावरील एका बंदराच्या गावी माझी बदली झाली. कार्यालयाचे नाव देत नाही, कारण दोष कार्यालयाचा नव्हता, माझा होता. कार्यालयाची एक जुनी मोटर लाँच होती. कोलकात्याच्या बाजूला बांधलेली, सागवानी तळाची, आत छोटी बैठक, वेताच्या खुर्च्या, पितळी दिवे. एके काळी वरिष्ठ अधिकारी तीतून पाहणीला जात, म्हणून सगळे तिला 'साहेबांची लाँच' म्हणत. मी रुजू झालो तेव्हा ती पाच वर्षे वापरात नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी तिच्यावर जाऊन आलो. कोणीही हळहळावे अशी ती देखणी होती.

तिची देखभाल एक वृद्ध तेलुगू सारंग करी. रोज सकाळी तो तळाशी साचलेले पाणी उपसून काढी आणि पितळ पुसून ठेवी. किनाऱ्यावरील एका नाविक प्रशिक्षण संस्थेने ती लाँच विद्यार्थ्यांसाठी मागितली होती. प्रश्न एवढाच होता, की ती विनामूल्य द्यावी की मूल्य आकारून, आणि पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर कोणी द्यावे. मूल्यांकन तीनदा झाले आणि दर वेळी आकडा खाली आला. त्यामुळे निर्णय अधिकच कठीण झाला. कारण घसरलेल्या किमतीला सही करणाऱ्याला आधीची किंमत का सोडली असे विचारले जाते, आधी सही न करणाऱ्याला कोणी काहीच विचारत नाही. मी फाइलवर 'चर्चा करावी' असा शेरा मारला. चर्चा झाली नाही, कारण चर्चेला बोलावणारा मीच होतो.

त्या सारंगाने दोनदा माझ्या दालनात येण्याचे धाडस केले. दुसऱ्या वेळी तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "सार, खाऱ्या पाण्याने लाकूड मरत नाही, पावसाच्या पाण्याने मरते. तिला कोणाला तरी देऊन टाका, नाही तर तोडून टाका. अशी उभी ठेवू नका." मी त्याला सांगितले, "फाइल चालू आहे." फाइल माझ्या मागच्या कपाटात होती. तो नमस्कार करून निघून गेला. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला, आणि त्याच्या जागी कोणाची नेमणूक झाली नाही. कारण वापरात नसलेल्या नौकेला सारंग कशाला, असा बिनतोड युक्तिवाद वित्त शाखेने केला. त्या टिपणावर मीच सही केली. २००६ मध्ये माझी बदली झाली. पुढल्या पावसाळ्यात लाँच धक्क्यालाच पाणी भरून तळाला बसली. माझ्या जागी आलेल्या सहकाऱ्याने दूरध्वनीवर सांगितले, की सांगाडा बाहेर काढण्यासाठी जो खर्च आला तो भंगाराच्या किमतीपेक्षा अधिक होता. माझ्या गोपनीय अहवालात या प्रकरणाचा उल्लेख नाही. असण्याचे कारणही नव्हते. मी कोणताच नियम मोडला नव्हता.

हाच खरा मुद्दा आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी या प्रकरणाकडे पुष्कळदा परतून पाहिले आणि तीन कारणे हाती लागली. पहिले कारण हिशेबपद्धतीचे. आपले सरकारी लेखे रोख पद्धतीने ठेवले जातात. पैसा तिजोरीतून गेला किंवा आला तरच नोंद होते. धक्क्याला बांधलेली नौका रोज थोडी थोडी कुजते, पण त्या कुजण्याची नोंद कोठेच होत नाही. घसाऱ्याला रकाना नाही. उपार्जित पद्धतीकडे जाण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. महालेखापरीक्षकांनी २००२ मध्ये त्यासाठी लेखामानकांचे सल्लागार मंडळ स्थापन केले, बाराव्या वित्त आयोगानेही तशी शिफारस केली. तरी आजही खर्चाला लेखाशीर्ष आहे, विलंबाला नाही. ज्याला लेखाशीर्ष नाही ते आपल्या व्यवस्थेला दिसत नाही.

दुसरे कारण लाभहानीच्या वाटणीचे. निरुपयोगी वस्तू विकून आलेली रक्कम सर्वसाधारणपणे भारताच्या संचित निधीत जमा होते. तत्त्वतः ते योग्यच आहे. पण याचा अर्थ असा, की विक्रीचा लाभ कार्यालयाला शून्य, आणि विक्रीत काही चुकले तर जोखीम संपूर्णपणे सही करणाऱ्याची. उलट न विकल्यास तोटा देशाचा, आणि देश काही माझ्या दालनात येऊन जाब विचारत नाही. अशा मांडणीत एखादा शहाणा माणूस 'चर्चा करावी' असेच लिहील. तो भ्रष्ट नसतो, आळशीही नसतो. त्याच्यापुढे ठेवलेल्या गणिताचे त्याने अचूक उत्तर काढलेले असते. गणितच चुकीचे आहे.

तिसरे कारण मनाचे. सुंदर वस्तू मोडीत काढणे जिवावर येते. आजवर तिच्यावर झालेला खर्च डोळ्यांपुढे येतो आणि तो बुडीत खर्च आहे, निर्णयाशी त्याचा संबंध नाही, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य अशा वेळी उपयोगी पडत नाही. मग आपण ठेवूनही घेत नाही आणि सोडूनही देत नाही. या न ठरवण्याला आपण हळवेपणाने 'जपणे' असे नाव देतो. त्या लाँचला खरोखर जपत होता तो सारंग, आणि तोडून टाका असे म्हणणाराही तोच होता.

सामान्य वित्तीय नियमांत विल्हेवाटीची तरतूद पुरेशी स्पष्ट आहे. अवशिष्ट मूल्य दोन लाख रुपयांहून अधिक असेल तर जाहीर निविदा किंवा लिलाव, वगैरे. २०२१ पासून केंद्र सरकार दर ऑक्टोबरमध्ये प्रलंबित प्रकरणे आणि भंगार निकाली काढण्याची विशेष मोहीम राबवते, आणि तिच्यामुळे कित्येक कार्यालयांचे जिने व गच्च्या मोकळ्या झाल्या, हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु मोडक्या खुर्च्या आणि जुने संगणक यांचा निकाल मोहिमेने लागतो. नौका, विश्रामगृहे, कार्यशाळा, जुनी निवासस्थाने यांचा लागत नाही. त्यांच्यासाठी तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते.

एक, प्रत्येक मोठ्या मालमत्तेच्या निवृत्तीची तारीख काही वर्षे आधी जाहीर व्हावी आणि ती पुढे ढकलायची तर ढकलणाऱ्याने लेखी कारण द्यावे. आज कारण निर्णयासाठी मागितले जाते. ते विलंबासाठी मागितले पाहिजे. दोन, अशा प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर, वस्तू नुसती ठेवण्याचा वर्षाचा खर्च आणि गेल्या वर्षभरात तिचे घटलेले मूल्य, असे दोन आकडे लिहिणे सक्तीचे असावे. तीन, जे जपायचे ठरेल त्याला स्वतंत्र मालक आणि स्वतःचे उत्पन्न असावे. ब्रिटानियाच्या न्यासाने पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. दीपगृहांना माणसे आणि सामान पोहोचवणारी १९६३ सालची 'फिंगल' ही जुनी नौका विकत घेऊन त्यांनी २०१९ मध्ये त्याच बंदरात तिचे तरंगते हॉटेल सुरू केले. ब्रिटानियाच्या धक्क्यावरून निघून आम्ही तीही बाहेरून पाहून आलो. कामाची नौका होती ती, राणीची नव्हे. आकाराने आमच्या लाँचपेक्षा पुष्कळ मोठी. तरी मी तेथे थोडा वेळ एकटाच उभा राहिलो.

यावर कोणी म्हणेल, की गरीब देशाने जुन्या नौका जपत बसावे काय? नाही, सगळ्या जपू नयेत. तोडणे हाही सन्मानाचा निर्णय असू शकतो, वेळेवर घेतला तर. विक्रांत १९९७ मध्येच तोडली असती तर दुःख झाले असते, पण अठरा वर्षांचे गंजणे टळले असते. आणि त्याच वर्षी तिला मालक, जागा आणि निधी दिला असता तर आज आपली नातवंडे तिच्या डेकवर धावली असती. या दोन्ही वाटा प्रतिष्ठेच्या होत्या. आपण तिसरी धरली.

असो. हा लेख वाचणारे बहुतेक जण माझ्यासारखेच नोकरीधंद्यानिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणारे आहेत. त्यांना सरकारी नियमांशी काय कर्तव्य, असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्यापैकी पुष्कळांचे गावाकडे एक बंद घर असते. माझेही आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. कौले सरकली आहेत, माजघरातील दोन वासे वाळवीने धरले आहेत, आणि आम्ही पाच चुलतभाऊ पाच शहरांतून एकमेकांना गेली बारा वर्षे सांगत आलो आहोत, की पुढच्या मे महिन्यात बसून ठरवू. विकायचे म्हटले की कोणाला तरी आजी आठवते. दुरुस्त करायचे म्हटले की पैशाचा विषय निघतो. आमच्यात वाईट कोणीच नाही. सगळ्यांचा शेरा एकच आहे: चर्चा करावी.

एडिंबरोहून परतल्यावर मी चौघांनाही पत्र लिहिले. एकतर सगळ्यांनी मिळून घर दुरुस्त करावे, नाही तर गावातील शाळेला द्यावे, नाही तर विकावे. यांपैकी काय ते ठरवण्यासाठी पत्रात एक तारीख घातली. दोघांची उत्तरे आली. तारीख गेली. मी दुसरी घातली आहे, आणि या वेळी रजेचा अर्जही दिला आहे.